मैदानावरची उमेदवारी : गावात आणि परमुलखात

मंडळी, गॅरेजात पोरगं कामाला ठेवलं तर पहिले सहा महिने पाने उचलून देण्यापलीकडं त्याच्या हाती काही लागत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. गवंड्याच्या हाताखालचा पोरगा आधी माल कालवतो, मग विटा देतो, आणि ओळंबा धरायला मिळतो तो फार उशिरा. तालमीतही तसंच. नवं पोर आधी आखाड्याची माती उकरतं, वस्तादांच्या नजरेत बसतं आणि मग त्याला डाव सांगितला जातो. याला आपल्याकडं जुना, चांगला शब्द आहे : उमेदवारी.

खेळाचं शिक्षण घेणाऱ्या पोरापोरींनाही अशी उमेदवारी करावी लागते, ही गोष्ट मात्र गावात फारशी कुणी लक्षात घेत नाही. पारावर कुणी विचारतं, "तात्या, धाकटा काय करतोय?" तात्या सांगतात, "बी.पी.एड. करतोय." "म्हणजे खेळतोय!" असं म्हणून विषय संपतो. वास्तविक तिथूनच तो सुरू व्हायला पाहिजे. कारण या पोरांची उमेदवारी होते ती तुमच्याच गावच्या शाळेत, तुमच्याच मुलांवर, आणि थोड्यांच्या नशिबी ती परदेशातही येते. दोन्हीकडं ते काय शिकतात, आणि त्यातलं तुमच्या गावाला काय मिळू शकतं, ते आज बघू.

पुस्तक संपतं, मैदान सुरू होतं

बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी. कोणतीही पदवी झाल्यावर करायचा हा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आहे. त्यात शरीराची रचना, खेळांचे नियम, प्रथमोपचार, स्पर्धांचं नियोजन हे सगळं वर्गात शिकवतात. पण खरी परीक्षा सराव पाठाची. छात्राध्यापकाला जवळच्या शाळेत पाठवतात. तिथं त्यानं आदल्या दिवशी पाठ टाचण लिहायचं, ते मार्गदर्शक शिक्षकांना दाखवायचं आणि दुसऱ्या दिवशी मुलांना मैदानावर घेऊन तो पाठ प्रत्यक्ष घ्यायचा. मागं उभे असलेले शिक्षक वहीत शेरा लिहितात. पुढं याच कामाला आंतरवासिता म्हणतात, आणि तेव्हा नुसता पाठ नव्हे, तर शाळेतला खेळाचा सगळा कारभार बघायचा असतो.

आता बघा काय होतं. टाचणात लिहिलेलं असतं : मुलं वीस, चेंडू पाच. शाळेत निघतात मुलं साठ आणि चेंडू एक, तोही हवा गेलेला. तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची, त्यातली दहा मिनिटं वर्गातून मैदानावर येण्यात जातात. एकच खेळ मांडला तर दोन पोरं खेळतात आणि अठ्ठावन्न उभी राहून एकमेकांच्या खोड्या काढतात. चार दिवसांत उमेदवाराला कळतं की शिट्टी जोरात वाजवून काही होत नाही. मग तो मुलांच्या चार तुकड्या करतो. एक तुकडी लंगडीला, एक दोरीवरच्या उड्यांना, एक चेंडूला, एक कवायतीला, आणि दर सात-आठ मिनिटांनी फिरवाफिरव. त्याला पुस्तकात वाचलेली ही गोष्ट खऱ्या अर्थानं समजते ती त्या साठ पोरांसमोर उभं राहिल्यावरच.

मैदान आखण्याचंही तसंच. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, महिलांचं १२ बाय ८, खो-खोचं २७ बाय १६, हे पाठ असतं. पण फक्की हातात घेऊन रेघ मारायला लागलं की कोपरा काटकोनात येत नाही. मग कुणीतरी गवंडी शाळेच्या कुंपणाबाहेरून सांगतो, "सर, दोरीला तीन, चार, पाचाचं माप घ्या." तीन मीटर एक बाजू, चार मीटर दुसरी, आणि तिरकं अंतर बरोब्बर पाच भरलं की कोपरा काटकोनात. तुम्ही घराचा पाया आखताना हेच करता. उमेदवाराला गाव शिकवतं ते असं.

प्रथमोपचाराचं तर विचारूच नका. वर्गात पट्टी बांधायला शिकलेलं पोरगं, पहिल्यांदा एखाद्या मुलीला उन्हात भोवळ आली की घाबरतं. तिला सावलीत न्यायचं, आडवं करायचं, पाय थोडे वर ठेवायचे, कपडे सैल करायचे, शुद्धीवर असेल तरच पाणी द्यायचं, आणि लवकर सावरली नाही तर दवाखान्यात हलवायचं, हे सगळं क्रमानं आठवावं लागतं. मानेला किंवा पाठीला मार लागलेल्या पोराला चौघांनी धरून उभं करायचं नसतं, ही एक गोष्ट जरी गावातल्या दहा जणांना त्या निमित्तानं कळली तरी उमेदवारी सार्थकी लागली म्हणायची.

आणखी एक गोष्ट. आठवी-नववीच्या मुली मैदानावर यायला मागं सरतात. कारण खेळाची नावड नसते. मैदान रस्त्याला लागून असतं, कुंपण नसतं, स्वच्छतागृहाला पाणी नसतं आणि कट्ट्यावर रिकामटेकडे बसलेले असतात. उमेदवार म्हणून एखादी मुलगी आली की हे सगळं पहिल्या आठवड्यात वहीत उतरतं. मुख्याध्यापकांनी ती वही नुसती सही करून परत न देता ग्रामपंचायतीत नेली पाहिजे.

गेलेले पहिले

परदेशी उमेदवारीची गोष्ट निघाली की लोकांना वाटतं, ही आताची फॅशन. तसं नाही. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. त्यापुढं मद्रासला १९२० मध्ये वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षण महाविद्यालय, ग्वाल्हेरला १९५७ मध्ये लक्ष्मीबाई महाविद्यालय आणि पतियाळाला मोतीबाग राजवाड्यात १९६१ मध्ये राष्ट्रीय क्रीडा संस्था उभी राहिली. आजही आपल्या भागातलं पोरगं मोठ्या शिक्षणाला निघालं की यांतलंच एखादं नाव ऐकू येतं.

अमरावतीच्या या मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिनला गेलं. ते ऑलिंपिकचं वर्ष. ध्यानचंदांच्या हॉकी संघानं १५ ऑगस्टला जर्मनीला ८-१ असं हरवलं ते याच बर्लिनमध्ये. आपल्या पथकानं तिथं भारतीय व्यायामप्रकार आणि कबड्डी करून दाखवली. विदर्भातली पोरं मैदानी खेळ घेऊन बोटीनं समुद्रापार गेली आणि परक्यांसमोर उभी राहिली. आपल्याला गावात जे साधं वाटतं ते बाहेर नेऊन नेमकं कसं मांडायचं, त्याचे नियम दुसऱ्याला कळतील असे कसे सांगायचे, हे शिकणं म्हणजेच उमेदवारी. कबड्डीला आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली ती १९९० साली, बीजिंगला. मध्ये चोपन्न वर्षं गेली. पेरलेलं उगवायला कधी कधी असा वेळ लागतो.

दुसरं उदाहरण तुम्हाला पाठ आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातला हा विद्यार्थी १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेला. आयुष्य मातीत घालवलेलं आणि तिथं गादीवरची कुस्ती. तिथं त्यांना रीस गार्डनर या अमेरिकी पहिलवानाचं मार्गदर्शन मिळालं. खाशाबा सहावे आले. ते गेले होते स्पर्धेला, पण आले ते उमेदवारी करून. गादीवर काय कमी पडतं ते समजलं, चार वर्षं त्यावर मेहनत केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या वेळी जायला पैसे नव्हते म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. वर्गणी तर गावोगावहून झाली.

ही गोष्ट सांगायचं कारण पदक नव्हे. लंडनला काय कमी पडलं ते ओळखून त्यांनी इथं येऊन काम केलं, हे कारण.

तिकडचं गाव, तिकडची तालीम

आजच्या पोरांना बाहेर जायच्या वाटा वेगळ्या आहेत. जे आधीच प्रशिक्षक आहेत त्यांच्यासाठी जर्मनीतल्या लाइपझिगला परदेशी प्रशिक्षकांचे अभ्यासक्रम १९६४ पासून चालतात. अगदी तरुण पोरांसाठी त्याच देशात 'स्वयंसेवी सामाजिक वर्ष' नावाची सोय आहे. २७ वर्षांखालच्या मुलामुलींनी साधारण वर्षभर एखाद्या क्रीडा मंडळात पूर्णवेळ काम करायचं. त्याला पगार म्हणत नाहीत, हातखर्च म्हणतात. विमा असतो, आणि वर्षात २५ दिवस शिबिरांत शिकवतात. परदेशी मुलांनाही जाता येतं, पण जर्मन भाषा बऱ्यापैकी बोलता यावी लागते आणि रीतसर व्हिसा लागतो.

तिथं गेलेल्या उमेदवाराच्या वाट्याला काय येतं? पहिल्या दिवशी चकचकीत यंत्रं नव्हे, तर किल्ल्यांचा जुडगा. सकाळी बालवाडीतल्या लेकरांना उड्या मारायला शिकवायचं, दुपारी शाळेच्या मुलांना घ्यायचं, संध्याकाळी मंडळाचा वर्ग. मधल्या वेळात गाद्या उचलून ठेवायच्या, चेंडू मोजायचे, कचेरीत बसून वर्गणीच्या नोंदी करायच्या. हिवाळ्यात चार-साडेचारलाच अंधारतं, त्या थंडीत सायकलवरून जायचं. पाचचा वर्ग म्हणजे पाचचा. पाच वाजून पाच मिनिटांनी आलं तर मुलं रांगेत उभी असतात आणि पालक घड्याळाकडं बघत असतात. इकडं 'येतो' म्हणून अर्ध्या तासानं जायची सवय असलेल्या पोराला हा पहिला धडा.

दुसरा धडा कागदाचा. मुलांमध्ये काम करायचं तर मंडळं चारित्र्याचा दाखला मागतात. इंग्लंडातही तशीच पद्धत आहे. आपल्या पोराला आधी अपमान वाटतो. नंतर कळतं, हा संशय नव्हे, लेकरांची काळजी आहे. आपल्याकडं बालकांच्या संरक्षणाचा पोक्सो कायदा २०१२ साली झाला. पण गावच्या मैदानावर मुलांना शिकवायला येणाऱ्याची चौकशी कोण करतं, हे ज्यानं त्यानं मनाला विचारावं.

तिसरा धडा सगळ्यांत मोठा, आणि सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी तो नीट ऐकावा. त्या देशात सुमारे ८६ हजार क्रीडा मंडळं आहेत. लहान लहान गावांतही आहेत. ती सरकारनं चालवलेली नाहीत. आपल्या दूध सोसायटीसारखी आहेत असं समजा. सभासद असतात, वर्गणी असते, वार्षिक सभा भरते, अध्यक्ष आणि खजिनदार निवडून येतात, हिशेब वाचला जातो. मैदान किंवा सभागृह पुष्कळदा गावच्या पंचायतीचं किंवा शाळेचं. शाळा सुटली की तेच मंडळाला वापरायला मिळतं. शिकवणारे बहुतेक पगारी नसतात. दिवसा कुणी दुकानात, कुणी कारखान्यात, कुणी कचेरीत काम करणारा. पण संध्याकाळी मुलांना शिकवायला उभ्या राहणाऱ्या यांतल्या पुष्कळांनी १२० तासिकांचं शिक्षण घेऊन परवाना काढलेला असतो.

म्हणजे बघा, मैदान गावाचं, माणसं गावची, पैसा थोडा, पण लिहून ठेवलेली व्यवस्था. हे सगळं आपल्याकडं आहे, फक्त एकत्र नाही. तालीम आहे पण तिला हजेरीपट नाही. शाळेचं मैदान आहे पण सुटीत त्याला कुलूप. वस्ताद आहेत, पण त्यांच्या माघारी कोण, हे ठरलेलं नाही. परदेशातून पोरानं बूट आणि टी-शर्ट आणण्यापेक्षा ही हजेरीची वही आणावी.

आणि ही देवाणघेवाण एका बाजूची नाही. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी पुढं आणलेला मल्लखांब शिकायला परदेशी मुलं मुंबईत शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात येत आली आहेत. तिथले उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये याच शिवाजी पार्कवर झाली. लाकडाच्या खांबावर चढायला कुणी समुद्र ओलांडून येतं, आणि आपल्या शाळेतला मल्लखांब कोपऱ्यात वाळवी खातो, असं होऊ नये.

घर विकू नका

आता थोडं कडू बोलतो. 'परदेशात क्रीडा प्लेसमेंट' अशा पाट्या लावून बसलेले एजंट शहरात पुष्कळ झाले आहेत. बाप एकर विकतो, आई डोरलं मोडते, आणि पोरगं तिकडं हॉटेलात भांडी घासताना सापडतं. खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं ते निवड झालेल्या पहिलवानासाठी, एजंटासाठी नव्हे.

पैसा देण्याआधी पाच गोष्टी बघा. एक, ज्या संस्थेत काम करायचं तिचं पत्र थेट त्या संस्थेकडून आलं आहे का. एजंटाच्या कागदावरचं नव्हे. दोन, त्या पत्रात काम काय, आठवड्याला तास किती, राहायचं कुठं, हातखर्च किती आणि विमा कुणाचा, हे लिहिलं आहे का. तीन, व्हिसा त्याच कामाचा आहे का; पर्यटकाच्या व्हिसावर काम करणं हा गुन्हा ठरतो आणि पोराला परत पाठवतात. चार, नोकरीचं आमिष असेल तर एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदणी आहे का. ती ई-मायग्रेटच्या यादीत बघता येते. पाच, पोराच्या महाविद्यालयाला हे ठाऊक आहे का आणि ही उमेदवारी अभ्यासक्रमात धरली जाणार आहे का. यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर 'नंतर बघू' असं आलं तर पैसे खिशातच ठेवा.

आणि नोकरीचंही खरं ते सांगतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना खेळाचा वेगळा शिक्षक सहसा नसतो. पदवी झाली म्हणजे शाळा वाट बघत बसली आहे असं नाही. तेव्हा ज्या पोराला खेळाबरोबर मैदान राखणं, पंचगिरी, प्रथमोपचार, स्पर्धा भरवणं आणि हिशेब ठेवणं येतं, त्यालाच काम मिळायची शक्यता जास्त. हे सगळं उमेदवारीतच हाताखाली येतं. म्हणून ती सह्यांपुरती उरकू देऊ नका.

गावानं काय करायचं

पहिलं, मागणी करा. जवळच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाला मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीनं पत्र द्यावं, की आमच्या शाळेत छात्राध्यापक पाठवा. महाविद्यालयं शहराजवळच्या शाळा धरतात, कारण जायला-यायला सोयीचं पडतं. गावानं राहायची खोली आणि दोन वेळचं जेवण बघितलं तर आडगावीही पोरं येतील. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, तेव्हा ठराव करायला अडचण नाही.

दुसरं, कायदा माहीत करून घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला खेळाचं मैदान असावं असं म्हटलं आहे. सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तर कला, कार्यशिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असंही त्यात आहे. तुमच्या शाळेचा पट बघा आणि विचारा.

तिसरं, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अनुदानाच्या योजना आहेत. चालू वर्षाचे निकष आणि कागद तिथंच विचारून घ्या. जागेचा उतारा गावाच्या किंवा संस्थेच्या नावावर स्पष्ट नसला की प्रस्ताव अडकतो. तलाठी आणि ग्रामसेवक, हे काम तुमचं.

चौथं, उमेदवाराच्या जोडीला गावातली दोन तरुण पोरं द्या, एक मुलगा आणि एक मुलगी. तो मैदान आखेल तेव्हा त्यांनी दोरी धरावी, तो हजेरी लिहील तेव्हा त्यांनी बघावं. तो काही आठवड्यांनी जाणारच आहे. तो गेल्यावरही रेघा मारल्या जातात का, यावरच ठरतं की त्याची उमेदवारी झाली की नुसता मुक्काम झाला.

आणि पाचवं, सगळ्यांत सोपं. मैदानावर सोयाबीन वाळत घालायचं तर दिवस ठरवा, आणि दुपारी चारच्या आत आवरा. लग्नाचा मांडव घातला तर खुंट्यांचे खड्डे ज्यानं मांडव घातला त्यानंच बुजवावेत, असा ठराव ग्रामसभेत लिहून घ्या. पावसाळा सरला की मैदानावर पाणी मारून रोलर फिरवायची पाळी वाड्यावस्त्यांनी वाटून घ्यावी.

परदेशी जाणारं पोरगं हजारात एक. त्याला जरूर पाठवा, कागद बघून पाठवा, आणि परत आल्यावर ग्रामसभेत उभं करून विचारा, की बाबा, तिथं काय बघितलंस आणि त्यातलं इथं काय करता येईल. बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांची उमेदवारी तुमच्याच मैदानावर व्हायची आहे. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत शाळेच्या मैदानाचा एक विषय घाला, आणि महाविद्यालयाला द्यायच्या पत्राचा मसुदा त्याच सभेत वाचून मंजूर करून घ्या.